तेरावा अहवाल

१

टॉइवो रांटा बुडून मेला त्याला अडतीस दिवस झाल्यावर, जानेवारीतल्या एका मंगळवारी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी त्याने बर्फ मोजला आणि कट्ट्यावर लिहिलं:

"अहवाल १. धक्क्यापाशी पाऊण इंच. मांजरानेसुद्धा पाय ठेवू नये. टॉइवो रांटा."

त्या दुपारी लाँगनेक तळ्यावर सतरा इंच बर्फ होता. ट्रक फिरत होते, मासे धरणाऱ्यांच्या चाळीसएक खोपट्या उभ्या होत्या, त्यांच्या धुराड्यांतून धूर निघत होता. अडीच वाजता पहिली खोपटी ओढत काठावर आली. पाच वाजेपर्यंत अकरा आल्या. ऑर्व्हिल टेटने गिरमिटाने भोक पाडून पट्टी टाकली, सतरा इंच स्वतःच्या डोळ्यांनी बघितले, आणि मग खोपटी काढली.

"मोजलेस ना?" मी त्याला विचारलं.

"मोजले. पण मी वरून मोजले, आर्डिस," तो म्हणाला. "तो कुठून मोजतोय कोणाला माहीत."

आमचा कट्टा म्हणजे इंटरनेटवरची जागा, तळ्याभोवतालच्या सहाशे माणसांची. बर्फ किती, मासा कुठे लागतो, कोणाचं कुत्रं सुटलं, सगळं तिथे. आम्ही तिघं तिथले राखणदार. एक लाइल स्कोगन, ज्याने कट्टा सुरू केला. त्याचं धक्क्यासमोर गळाला लावायच्या आमिषाचं दुकान आहे. दुसरी रेने बड, शाळेची बस चालवते. तिसरी मी, आर्डिस क्वाले, एकतीस वर्षं कोर्टाच्या दप्तरखान्यात काढलेली. शिव्या खोडायच्या, भांडणं सोडवायची, आणि कोणी अगदीच ऐकेना तर त्याला 'गप्प' करायचं, एवढं आमचं काम. कोण कोणाला काय बोललं, कोण किती दिवस रुसलं, कुठल्या दिवशी बर्फ किती, थंडी किती, हे मी वहीत टिपून ठेवते. लोक हसतात. मात्र भांडण पेटलं की वही मागायला तेच येतात.

संध्याकाळी कार्लाचा फोन आला. टॉइवोची एकुलती मुलगी, वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची शुश्रूषा करते.

"मिसेस क्वाले, बाबांनी लिहिलंय."

"कोणीतरी चावटपणा केलाय गं."

"ते कळतं मला. चावटपणा करणारा सापडला तर त्याला एकच विचारा." ती थांबली. "बाबा त्या दिवशी मरायला गेले होते का?"

शेरीफने कागदावर 'अपघात' लिहिलं होतं. गाव तसं म्हणत नव्हतं. पन्नास हिवाळे बर्फ मोजलेला माणूस डिसेंबरच्या दोन तारखेला, तळं जिथे चिंचोळं होतं आणि खालून पाणी वाहतं त्या गळ्यावर एकटा चालत जातो, तो चुकून जात नाही. कार्लासमोर कोणी हे बोलत नव्हतं. ती आली की लोक बोलायचे थांबत, आणि तेच तिला ऐकू येत होतं.

२

गावाच्या त्या समजुतीचा झरा लाइलच्या दुकानात होता, म्हणून दुसऱ्या दिवशी मी तिथे गेले. मी दारात असतानाच दुसरा अहवाल आला: सव्वा इंच.

"मी नाही हं," लाइल म्हणाला. मी अजून टोपीसुद्धा काढली नव्हती.

"मी कुठे म्हटलं?"

"तुझं तोंड म्हणतंय. भांडण माझं होतं ना त्याच्याशी."

भांडण ऑक्टोबरातलं. टॉइवोने कट्ट्यावर लिहिलं होतं की लाइलच्या दारावरच्या पाटीवर बर्फ नेहमी दोन इंच जाड असतो, कारण गिऱ्हाईक बर्फावर गेलं तरच आमिष खपतं. लाइलने उत्तर दिलं. टॉइवोने त्याच्या आईपर्यंत मजल मारली. मग आम्ही तिघांनी मिळून टॉइवोला चौदा दिवस गप्प केलं.

"तो बुडाला त्या शनिवारचं सांग," मी म्हटलं.

"किती वेळा सांगू? साडेआठला धक्क्यावर आला. हातात लाल झेंड्यांची मोळी, खांद्यावर दोर, पहार. मासे धरायचं काही नाही. आणि उभा राहिला. नऊ वाजेपर्यंत, आर्डिस. अर्धा तास. शून्याखाली अकरा होतं."

"तळ्याकडे बघत?"

"तळ्याकडे पाठ. रस्त्याकडे बघत होता, गावाकडे. मी तेव्हाच म्हटलं, हा निरोप घेतोय."

"मनात म्हटलंस."

"मग काय ओरडून म्हणू?"

"हात करायचास. कॉफीला बोलवायचंस."

लाइलने आमिषाच्या टाकीत जाळी घातली आणि उगाच ढवळली. "माझ्या आईला बोलला होता तो," तो म्हणाला. "मी खिडकीतून बघत होतो. त्याने एकदा इकडे बघितलं. मी पडदा सोडला."

३

कार्लाकडे टॉइवोचा संगणक होता, म्हणून कोणाचाही संशय आधी तिच्यावर गेला असता. माझाही गेला. तिने मला तळघरात नेलं. संगणक खोक्यात, वायर गुंडाळून, वर त्याचे स्वेटर.

"पटलं?" ती म्हणाली. "कोणी मला वेडी म्हटलं तर मला चालेल, खोटारडी नाही."

वर येऊन तिने कॉफी ओतली, वेलचीचा गोड पाव कापला. मी विचारलं, "नोव्हेंबरात तो कसा होता?"

"रोज संध्याकाळी यंत्रासमोर. कट्टा वाचायचे आणि कुरकुरायचे. दर वर्षीचंच. फक्त यंदा..." तिने सुरी खाली ठेवली. "एकदा म्हणाले, कोणी काही बोलतच नाही. मी म्हटलं, बाबा, तुम्ही फोन लावा ना लोकांना. तर म्हणाले, मी मेलो तरी ह्यांना कळायचं नाही."

"हे शेरीफला सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर त्याने 'अपघात' लिहिलं असतं का?"

मी वही उघडली आणि मिटली. लिहिण्यासारखं पुष्कळ होतं.

"मला खोटा दिलासा नको, मिसेस क्वाले. गेले असतील मरायला तर तसं सांगा. मी घरी होते. मी सूप करत होते. काय दिसलं नाही मला, तेवढं मला कळायला हवं."

मी पावाचा तुकडा बशीत ठेवून उठले. घरी पोहोचले तर तिसरा अहवाल आला होता, आणि त्याखाली बासष्ट माणसांनी उत्तरं लिहिली होती. टॉइवो, शांत हो. टॉइवो, आम्हाला तुझी आठवण येते. एकीने विचारलं होतं, टॉइवो, तिकडे थंडी आहे का?

४

चौथ्या अहवालाने मला जागं केलं.

"अहवाल ४. अडीच इंच. उद्या शिकारीचा शेवटचा दिवस, म्हणून काठावर हरणामागे धावणारी गाढवं येतील. त्यांना सांगा, पळू नका."

हरणाच्या शिकारीचा शेवटचा दिवस एकोणीस नोव्हेंबरलाच होऊन गेला होता. आणि त्याच्या आदल्या दिवशी धक्क्यापाशी अडीच इंच बर्फ होता. ते माझ्या वहीत होतं. भूत खालून मोजत नव्हतं. जिवंत टॉइवोने नोव्हेंबरात मोजलेला बर्फ आम्ही जानेवारीत वाचत होतो. कट्ट्यावर जी वेळ दिसते ती लिहिल्याची नसते, लोकांना दिसू लागल्याची असते.

आता गप्प करणं म्हणजे काय ते सांगते, कारण हे राखणदारांखेरीज कोणाला ठाऊक नाही. गप्प केलेल्या माणसाला आम्ही तसं कळवत नाही. कळवलं की तो दुसरं नाव घेऊन परत येतो. तो लिहितो, त्याला स्वतःचं लिहिलेलं दिसतं. दुसऱ्या कोणाला दिसत नाही. त्याला वाटतं आपण बोललो आणि कोणी उत्तर दिलं नाही. दोनचार दिवसांत तो आपोआप निवतो. आम्हाला हे फार सभ्य वाटायचं.

पण टॉइवोची शिक्षा तेरा नोव्हेंबरला संपली होती. माझ्या वहीत तशी खूण होती. गप्प केलेल्यांची यादी मी त्याच रात्री उघडून बघितली: रिकामी. मग अठरा नोव्हेंबरचा अहवाल अडकला कुठे?

तेराच्या आठवड्यात पाळी रेनेची होती. मी तिला फोन लावला.

"टॉइवोला तू मोकळा केलास ना?"

"केला की. तुम्हाला तेव्हाच कळवलं होतं. तुम्ही खूण केली असेल."

"केली आहे."

"मग झालं तर." ती हसली, जरा जास्तच वेळ. "आर्डिस, भुतं असतात असं मी म्हणत नाही. पण त्याचा आवाज येतोय तर येऊ द्या ना. कोणाचं काय जातंय?"

अहवाल येत राहिले. बर्फ जाड होत गेला, तीन इंच, साडेतीन, चार, जसा तो नोव्हेंबरात झाला होता. लोकांना सवय झाली. सकाळी हवामान बघावं तसं दुपारी मेलेल्या माणसाचं बघायचे. शेवटी बारावा आला, शुक्रवार, सव्वीस जानेवारी:

"अहवाल १२. धक्क्यापाशी पाच इंच, चालायला ठीक. गळ्याचं लक्षण बरं नाही. त्याचं उद्या लिहितो."

सोमवारी सगळा कट्टा दोन वाजल्यापासून वाट बघत होता. काही आलं नाही.

५

तेरावा होता. टॉइवो 'उद्या लिहितो' म्हणाला की लिहायचाच. आणि तो कोणीतरी मुठीत धरून ठेवला होता.

अडकलेलं लिखाण सोडायला किल्ली लागते. ती एकच, 'राखणदार' या नावाची, आणि आम्ही तिघं तीच वापरतो. वेगवेगळ्या किल्ल्या करायचा आळस. म्हणून कोणी सोडलं ते यंत्र सांगेना. यंत्र सांगत नाही तेव्हा मी वहीला विचारते.

बाराही अहवाल दुपारी दोन ते अडीचच्या आत आले होते. शनिवारी, रविवारी एकही नाही. पंधरा तारखेच्या सोमवारी नाही, तेव्हा सुट्टी होती. सोळाच्या मंगळवारी नाही. त्या दिवशी शून्याखाली अडतीस होतं.

लाइलचं दुकान आठवड्याचे सातही दिवस उघडं असतं, आणि शनिवार-रविवार तर त्याची जत्रा. अडतीसलाही तो उघडतो, घमेंड म्हणून. कार्लाच्या पाळ्या उलटसुलट. थंडीसाठी एकच गोष्ट बंद होते आमच्याकडे: शाळा.

मंगळवारी दोन वाजता मी शाळेमागच्या आवारात गेले. रेनेची बस इंजिन चालू ठेवून उभी होती. मी दारावर थाप मारली. दार फुस्स करून उघडलं. तिच्या मांडीवर फोन होता.

"या," ती म्हणाली. "मी म्हटलंच, सुट्ट्या मोजायला एकच बाई बसेल."

मी तिच्यामागच्या लहान मुलांच्या बाकावर बसले, गुडघे हनुवटीला. "तो अजून गप्प होता. तेरानंतरही."

"नव्या वर्षात यादी साफ करायला घेतली. म्हटलं, रिकामी असेल." ती काचेतून समोर बघत बोलत होती. "आत एकच नाव. टॉइवो रांटा. आणि त्याखाली तेरा अहवाल."

"पण तू मोकळा केलास म्हणालीस."

"केला. वहीवरून लिहून तुम्ही मला कागद दिला होता: 'टॉइवो, तेराला मोकळा.' मी कट्ट्यावरच्या सगळ्यांच्या यादीत टॉइवो टाइप केलं. पहिलं नाव आलं टॉइवो आहो. मी दाबलं. यंत्र म्हणालं, झालं."

या तालुक्यात दगड मारला तर टॉइवोला लागेल. कट्ट्यावर चार आहेत. एकतीस वर्षं दप्तरखान्यात मी लोकांना दरडावत आले, आडनाव सांगा, आडनाव. आणि त्या कागदावर आडनाव लिहिलं नव्हतं. तिघांना माहीत होतं ना कोण ते, म्हणून. टॉइवो आहो बिचारा कधी गप्प नव्हताच. मोकळ्यालाच आम्ही मोकळा केला आणि मी वहीत खूण केली.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? आपण त्याला पाच आठवडे पुरून ठेवला होता?" तिचा आवाज फुटला. "मग मी अहवाल बाजूला ठेवले, यादीतून नाव काढलं आणि रोज एक सोडायला लागले. लोक उत्तरं देत होते, आर्डिस. चारशे उत्तरं. म्हटलं, एवढं तरी मिळू दे त्याला. पण तेरावा... तो मला सोडवत नाही."

तिने फोन मागे दिला.

"अहवाल १३. शनिवार, सकाळी सात. गळ्याचा बर्फ फसवा आहे. आज पोरं स्केट्स घेऊन येतील, त्याआधी लाल झेंड्या रोवायला हव्यात. एकट्याने करायचं काम नाही, दोर धरायला माणूस पाहिजे. साडेआठला धक्क्यावर येतो, नऊपर्यंत थांबेन. कोणीही चालेल. लाइलसुद्धा. चारपर्यंत घरी पोहोचलं पाहिजे, कार्लाने वाटाण्याचं सूप करायचं म्हटलंय."

तो निरोप घेत नव्हता. म्हणूनच तळ्याकडे पाठ होती. गावातून कोणी येतंय का ते तो बघत होता.

शाळेची घंटा झाली. मुलं धावत आली, बसमध्ये चढली, आणि एकाने मला विचारलं, तू इथे का रडतेस? रेने म्हणाली, "बस खाली, बेल्ट लाव."

६

रेनेला मी बरोबर नेलं नाही. कागद माझा होता.

कार्लाने तेरावा अहवाल उभ्याने वाचला. मग बसून वाचला. मग म्हणाली, "तुम्ही मोठ्याने वाचा." मी वाचला. 'सूप'पाशी तिने डोळे मिटले.

"परत यायचं होतं त्यांना."

"हो."

"चारपर्यंत."

"हो, कार्ला."

ती हसली, आणि ते हसणं बघवेना. मी तिला सगळं सांगितलं: शिक्षा, कागद, आडनाव, माझी खूण. काही गाळलं नाही. ती ऐकत राहिली. मला वाटलं आता ती मला दार दाखवेल, आणि मी त्याची तयारी करून आले होते.

"एक विचारू?" ती म्हणाली. "त्यांचं लिहिलेलं आम्हाला दिसत नव्हतं. आमचं लिहिलेलं त्यांना दिसत होतं?"

"दिसत होतं."

"म्हणजे नोव्हेंबरात ऑर्व्हिलने विचारलं, बर्फ किती, आणि चार जणांनी त्याला सांगितलं. ते बाबा वाचत होते."

"हो."

"आणि त्याच्या वर त्यांचा आकडा होता. बरोबर आकडा."

मी मान डोलावली.

"पाच आठवडे," कार्ला म्हणाली. "लोक म्हणतात आता भूत झालाय. भूत ते तेव्हा होते, मिसेस क्वाले. सगळे आपापसांत बोलत होते आणि बाबा मध्ये उभे."

मग ती म्हणाली, "तेरावा सोडा. इथेच, माझ्यासमोर. वर काय झालं ते लिहा, तुमच्या नावाने. रेनेचं नको, तिची मुलं लहान आहेत."

मी लिहिलं. कोर्टात लिहावं तसं, तारखांसकट. तिने वाचून एक शब्द खोडायला लावला: 'दुर्दैवाने'.

"आता एक," ती म्हणाली. "तुम्हाला उत्तरं बंद करता येतात ना? म्हणजे लोकांना वाचता येईल, पण खाली लिहिता येणार नाही?"

"येतात. पण लोकांना हळहळ..."

"माहीत आहे. सगळ्यांना आता उत्तरं सुचतायत. तिकडे थंडी आहे का म्हणे." तिने पावाचा चुरा तळहाताने गोळा केला. "त्यांना त्या दिवशी उत्तर मिळालं नाही. आता कोणालाच द्यायला मिळू नये. बंद करा."

मी बंद केली आणि मग अहवाल सोडला. चार वाजून वीस मिनिटं झाली होती. वाचणाऱ्यांचा आकडा खाली दिसतो: नऊ, एकतीस, ऐंशी. अंधार पडेपर्यंत तीनशे चाळीस. एवढी माणसं एकाच वेळी कट्ट्यावर कधी आली नव्हती, आणि कट्टा कधी इतका शांत नव्हता.

सहाला माझा फोन वाजला. लाइल होता.

"आर्डिस, ते बंद झालंय. लिहिता येत नाहीये."

"माहीत आहे."

"उघड ना गं. एक मिनिट. मला एकच ओळ लिहायची आहे."

कार्ला माझ्याकडे बघत होती.

"नाही, लाइल," मी म्हटलं.

तो फोन ठेवेना. मीही ठेवला नाही.

"एकच ओळ, आर्डिस," तो म्हणाला.

"नाही."

आकडा तीनशे एक्केचाळीस झाला.